दूध, बल्ब, तिला विचारणे

तिसरं गिऱ्हाईक तक्रार करून गेलं तेव्हा आत्याने लाँड्रीचं शटर अर्ध्यावर ओढलं आणि म्हणाली, "आता चौथा आला ना, तर त्याला सरळ आत आणते आणि भुंगीसमोर बसवते. बस बाबा, तूच विचार."

पहिला आला होता दातांचा डॉक्टर. त्याचं म्हणणं असं, की भुंगीचं ते गाणं त्याच्यावरच आहे, कारण पेशंट तोंड उघडं ठेवून, कापूस कोंबलेला असताना सुद्धा डोळ्यांनी हसतात आणि जाताना विचारतात, "मग डॉक्टर, विचारलंत का तिला?" दुसरा गाडी शिकवणारा. सिग्नलला गाडी थांबली की शिकाऊ पोरं स्टिअरिंगवर बोटं वाजवून तेच गाणं म्हणतात, आणि गाडी सुरू करायला विसरतात. तिसरे निवृत्त गणिताचे मास्तर. ते मात्र शांत होते. काउंटरवर छत्री ठेवून म्हणाले, "एवढंच सांगा त्या पोरीला, की मी विचारलं होतं. सदतीस वर्षांपूर्वी. ती नाही म्हणाली. माहिती अर्धवट मांडू नये."

तिघांचेही कोट याच लाँड्रीत धुतले जायचे. म्हणजे तिघांचेही खिसे याच घराने तपासलेले. त्यामुळे सुट्टीच्या दिवशी, दुपारी दोन वाजता, मागच्या इस्त्रीच्या खोलीत सगळे जमले. संध्याकाळी सहाला भुंगीचा कार्यक्रम होता. नगरपालिकेचा हॉल, तीनशे खुर्च्या, आणि पहिल्यांदाच तिकीट लावलेलं.

इस्त्रीची खोली सुट्टीच्या दिवशी ओळखू येत नसे. ड्रायर बंद, वाफ बंद, वरच्या दांडीवर प्लास्टिकमध्ये गुंडाळलेले कोट रांगेने लटकलेले, जणू तेही मीटिंगला आलेत. लांब टेबलाच्या एका टोकाला मोठेकाका. आजोबा गेल्यापासून ती जागा त्यांची. एका बाजूला आत्या, दुसऱ्या बाजूला आई आणि बाबा. कोपऱ्यातल्या खिडकीशी रफूबाई पडद्याला किनार घालत बसल्या होत्या. त्या घरातल्या नव्हेत, समोरच्या गाळ्यातल्या, पण त्यांच्या खिडकीत दुपारी ऊन येत नाही म्हणून नऊ वर्षं इथे बसायच्या. त्यांना मीटिंगमधून उठवायचं कोणाला सुचलंही नाही. आणि सुचलं असतं तरी मोठेकाकांनी उठवू दिलं नसतं, हे एकट्या भुंगीला माहीत होतं.

भुंगी गिटार मांडीवर घेऊन कपड्यांच्या गठ्ठ्यावर बसली होती. एकोणीस वर्षांची, केस स्वतःच कापलेले, चेहऱ्यावर 'बोला काय बोलायचंय ते' असा भाव.

"हे काय लिहिलंय?" मोठेकाकांनी भिंतीकडे बोट केलं.

भिंतीवर आजोबांनी स्वतः रंगवलेली पाटी होती. *खिसे तपासावेत. सापडेल ते पाकिटात घालावे. वाचू नये.*

"वाचू नये असं लिहिलंय," भुंगी म्हणाली. "मी वाचलं नाही."

"भुंगे, फाजीलपणा नको."

"बरं. वाचू नये."

"मग?"

या 'मग'ला उत्तर द्यायचं तर अकरा वर्षं मागे जावं लागलं असतं, आणि एवढा वेळ कोणाला होता.

आठ वर्षांची असताना तिला खिशांवर बसवलं होतं. घरातल्या प्रत्येकाने लहानपणी हे काम केलेलं. कपड्यांचा ढीग समोर, एकेक खिसा उलटा करायचा, निघेल ते पाकिटात, पाकिटावर टोकन नंबर, आणि पाकीट टाचणीने कपड्याला. बसची तिकिटं, चाव्या, एकदा एक दात. भुंगीचं तोंड तेव्हापासून बंद नसायचं. ड्रायर ढब-ढब-खर्र, ढब-ढब-खर्र फिरायचा आणि ही त्यावर काहीतरी गुणगुणत डब्यावर बोटं वाजवायची. "हिला बंद कसं करायचं?" म्हणून आत्याने वैतागून भुंगी नाव ठेवलं, आणि खरं नाव शाळेच्या दाखल्यावरच राहिलं. पुढे शाळाच सुटली. गायनाच्या बाईंनी 'आवाज खालच्या पट्टीत ठेव' म्हटल्यावर तिने जे उत्तर दिलं त्यावरून ते झालं. मागच्या सगळ्या भांडणांत ते इतक्या वेळा उगाळलं गेलंय की आता त्यात काही रंग उरलेला नाही.

ज्या डब्यावर ती वाजवायची, तो बिस्किटांचा पत्र्याचा मोठा डबा. ज्या कपड्यांना टोकन नाही, त्यांच्या खिशातलं सगळं त्यात जायचं. बेवारस. आता टोकन नसलेले कपडे कोणते? घरच्यांचे. ते रोज शेवटच्या घाण्यात पडायचे. पण प्रत्येकाला वाटायचं, हा कोणा गिऱ्हाइकाचा कागद, टोकन गळून पडलं असेल. आणि पाटीवर लिहिलंय वाचू नये, म्हणून कोणी बघायचं नाही. चाळीस वर्षं हे घर स्वतःच्या हाताने स्वतःचे कागद बेवारस म्हणून डब्यात टाकत आलं होतं आणि मग सगळ्या घरभर शोधत होतं. ही चूक करायला याच घराण्यात जन्माला यावं लागतं.

गिटारही तशीच आली. कोणीतरी काउंटरवर ठेवून गेला, परत आला नाही. वर्षभर न नेलेली वस्तू घरची, हाही आजोबांचाच नियम. अकरा वर्षांच्या भुंगीला तीन तारा नसलेली गिटार मिळाली. महिन्याभरात डब्याखाली कागदाच्या पुडीत एक तार सापडली. मग दुसरी. मग जेव्हा जेव्हा तार तुटली, दोन-तीन दिवसांत पुडी हजर. भुंगीला वाटायचं आई ठेवते. आईला वाटायचं बाबा. बाबांना काहीच वाटायचं नाही, त्यांना पुड्यांचा पत्ताच नव्हता.

"मी विचारतोय, मग?" मोठेकाका पुन्हा म्हणाले. "तीन माणसं दारात तक्रार घेऊन आली. उद्या कोण कपडे टाकेल? लोक खिसे शिवून पाठवतील."

"तेवढं मात्र नाही हं, दादा," आत्या म्हणाली. सकाळपासून ती काकांच्या बाजूने होती, पण आता तिला काहीतरी आठवून हसू फुटत होतं. "खिसे शिवत नाहीत. उलट भरून पाठवतायत. या आठवड्यात एकाने तर अख्खी वही कोंबली होती कोटात. आणि ती बँकेतली, ती म्हणाली, 'जरा नीट बघा हं खिसा.' मी म्हटलं, आम्ही बघत नाही. तर तोंड एवढंसं झालं तिचं."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांना गाण्यात यायचंय! दातवाला कशाला आला होता? भांडायला? अरे, जाताना चार कोट टाकून गेला. दोन तर स्वच्छच होते."

आई हसली. बाबा हसायचे राहिले, कारण आधी काका हसतात का ते बघायची त्यांची सवय. काका हसले नाहीत.

"आत्या, तू कोणाच्या बाजूने आहेस?" भुंगीने विचारलं.

"मी काउंटरच्या बाजूने आहे."

"विषय तो नाही," काका म्हणाले. "विषय विश्वासाचा आहे. माणूस कोट उतरवून देतो तेव्हा त्याला माहीत नसतं आपण त्यात काय ठेवलंय. ते आपल्याला माहीत होतं. म्हणून आपण आंधळं व्हायचं. आमचे बाबा सांगायचे."

हे काका इतकं मनापासून बोलले की भुंगीला क्षणभर लाज वाटली, आणि लाज वाटली की तिला राग यायचा. तिच्या बाबतीत या दोन गोष्टींमध्ये फार अंतर नव्हतं.

"मी कोणाच्या टोकनच्या पाकिटाला हात लावला नाही!" ती गठ्ठ्यावरून उठली. "एकदाही नाही! डॉक्टर नाही, मास्तर नाही, कोणी नाही! ते गिऱ्हाइकांचं नाहीच मुळी. ते डब्यातलं आहे!"

हे म्हणताना तिने गिटार टेबलावर अशी आपटली की पहिली तार टण्‌कन तुटली आणि वळवळत आईच्या चहात पडली.

कोणी तारेकडे बघितलं नाही. आत्या विचार करत होती. आत्या विचार करायला लागली की तिची जीभ गालात जायची. तिने वर लटकलेल्या कोटांकडे बघितलं, डब्याकडे बघितलं, कोपऱ्यात पडलेल्या घरच्या धुण्याकडे बघितलं.

"डब्यात," ती सावकाश म्हणाली, "बिनटोकनचे खिसे जातात."

"हो."

"आणि बिनटोकनचे कपडे..."

"अगं बाई," आई म्हणाली.

भुंगीला कळलं की आपण काय करून बसलो. पण तोंडातून गेलेलं परत कुठल्या खिशात टाकणार.

गाणं गावभर झालं होतं, त्यामुळे शब्द सगळ्यांना पाठ होते. कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात शुक्रवारी कोणीही उठून गायचं असतं. तिथे भुंगीने ते पहिल्यांदा म्हटलं, कोणीतरी फोनवर घेतलं, आणि ते फोनाफोनी पसरलं.

*दूध आणलं, बल्ब आणला,*
*साबणाची वडी आणली,*
*घरी येऊन कोट काढला,*
*तिला विचारायचं राहिलं.*

पुढच्या कडव्यात पुन्हा आठवडा, पुन्हा यादी, आणि पुन्हा तेच राहिलेलं.

"आपल्या घरात दूध कोण आणतं?" आईने विचारलं. ती समोर बघूनच विचारत होती, पण प्रश्न डावीकडे बसलेल्या बाबांना होता.

"दूध... मी आणतो," बाबा म्हणाले. "कधी कधी. दादाही आणतो."

"बल्ब?"

"बल्ब काय कोणीही..."

"जिन्यातला बल्ब गेल्या महिन्यात कोणी बदलला?"

"मी. पण तू सांगितलंस म्हणून!"

"आणि *तिला* काय विचारायचं राहिलं होतं? तेही मी सांगितलं होतं का?"

"अगं, पण मी यादी करतच नाही! मी यादी केली असती तर इतकी वर्षं साबण विसरलो असतो का?"

खरं तर हा पुरावा भक्कम होता, पण आई आता पुराव्याच्या पलीकडे गेली होती. आत्याने पाण्याचा ग्लास पुढे केला.

"वहिनी, पाणी घे."

"नको, वन्सं."

आई आत्याला एरवी 'ताई' म्हणायची. 'वन्सं' निघालं की समजायचं, प्रकरण हाताबाहेर गेलं.

"कागद कुठे आहेत?" आईने विचारलं.

भुंगीने टेबलावरची गिटार जवळ ओढली. कागद गिटारीच्या पोटात होते. गोल भोकातून एकेक आत सोडलेले, छत्तीस. गिटार जोरात हलवली की आत पानं सळसळायची.

"भुंगे, कागद दाखव. अक्षरावरून कळेल."

"हो, दाखव!" बाबा एकदम उभे राहिले. आयुष्यात पहिल्यांदा काकांकडे न बघता ते काहीतरी बोलत होते. "दाखव म्हणजे कळेल हिला. माझं नाही ते!"

"मलाही बघायचंय," आत्या म्हणाली. "माझं तर नाहीच, पण बघायचंय."

"कागद दाखवायची काही गरज नाही," मोठेकाका म्हणाले.

सगळ्यांनी त्यांच्याकडे बघितलं. काका पाटीकडे बघत होते.

"वाचू नये असं लिहिलंय. एकीने वाचले म्हणून सगळ्यांनी वाचायचे असं होत नाही." त्यांनी टेबलावरच्या चादरीची एक न पडलेली सुरकुती तळहाताने सपाट केली. पुन्हा केली. त्यांचे कान इस्त्रीच्या लाल दिव्यासारखे झाले होते.

भुंगीला हे कधीपासून माहीत होतं? गेल्या वर्षीच्या एका कागदापासून. त्याच्या आधी तिला ते कागद कोणा परक्याचेच वाटायचे. यादी लिहिणाऱ्याने अक्षर मुद्दाम काढलेलं, शाळेतल्यासारखं, आपणच लिहिलंय हे स्वतःलाही कळू नये असं. पण तो कागद तिने स्वतः काकांच्या कोटातून काढला होता, आणि त्यावर होतं: *दूध. बल्ब. भुंगीची पहिली तार. तिला विचारणे.* आणि दुसऱ्या दिवशी डब्याखाली पुडी.

ती तेव्हा तासभर ड्रायरसमोर बसून राहिली होती. घरात तिच्या गाण्याला सगळ्यात मोठा विरोध काकांचा. शाळा सोडली तेव्हा महिनाभर बोलले नव्हते. पण त्या महिन्यात तिच्या दोन तारा तुटल्या होत्या आणि दोन्ही आल्या होत्या.

मग तिने लक्ष ठेवलं. *तिला* म्हणजे कोण हे कळायला आठवडाही लागला नाही. दर सोमवारी काकांच्या कोटाचं बटण तुटायचं. धडधाकट कोट, आणि बटण मात्र दर सोमवारी. काका बटण हातात घेऊन रस्ता ओलांडायचे, रफूबाईंच्या गाळ्यात जायचे, बटण लावून होईपर्यंत हवापाण्यावर बोलायचे आणि परत यायचे. एका सोमवारी भुंगीने त्यांना हँगरांच्या मागे कात्री घेऊन उभं पाहिलं. चोपन्न वर्षांचा माणूस, स्वतःच्याच कोटावर दबा धरून.

त्याच दिवशी गाणं झालं.

"ऐक," आई म्हणाली. तिचा आवाज आता शांत झाला होता, आणि ते जास्त वाईट होतं. "एक तर कागद दाखव आणि मग खुशाल जाऊन गा. मी पहिल्या रांगेत बसेन. नाहीतर ते गाणं आज नाही. आज नाही आणि पुढेही नाही. ज्याने लिहिलं त्याचं नाव लपवायचं आणि माझ्या घरातलं गाणं करून विकायचं, हे दोन्ही चालणार नाही."

"वहिनी बरोबर बोलतेय," आत्या म्हणाली.

"अगदी बरोबर," बाबा म्हणाले. हे वाक्य त्यांच्या विरोधात होतं का बाजूने, हे त्यांनी तपासलं नसावं.

कार्यक्रम करणाऱ्या माणसाने सरळ सांगितलं होतं, "ते विचारायचं राहिलंवालं गाणं असेल तर तिकीट लावतो. बाकीची गाणी आवड म्हणून म्हण." म्हणजे ते गाणं नाही, तर हॉलही नाही. परत शुक्रवार, परत चहाचं दुकान, परत कपबशांच्या आवाजात ओरडून गायचं.

गिटार उलटी धरून एकदा हलवली असती तरी पुरलं असतं. एक कागद पडला असता. तिने काकांकडे बघितलं. काकांनी तिच्याकडे बघितलं नाही. ते मान ताठ ठेवून बसले होते, फोटो काढताना बसतात तसे. आणि खिडकीशी रफूबाईंची सुई चालत होती, टुक, टुक, टुक.

गंमत बघा, सकाळपासून या मीटिंगमध्ये भुंगीचा एकच शत्रू होता. आणि आता खोलीत तिच्या बाजूचा तेवढा एकच माणूस उरला होता.

"नाही दाखवणार," ती म्हणाली.

"मग गाणं नाही."

"नाही गाणार मग."

"भुंगे!" आत्या चमकली. भुंगीने कधी काही सोडून दिल्याचं तिला आठवत नव्हतं. बालवाडीतला एक खडूसुद्धा तिने मारामारी करून परत आणला होता.

"वाचलं ते चुकलं माझं. पाटी बरोबर आहे. पण कोणाचं ते सांगितलं तर परत चुकेल." तिने नाक पुसलं, बाहीला. "आणि आई, बाबांचं नाहीये ते. बाबांना एवढं गुपित जमलं असतं का? त्यांनी तुझ्या वाढदिवसाचं सांगून टाकलं होतं, आदल्या दिवशी."

"हो, टाकलं होतं!" बाबा आनंदाने म्हणाले.

ती गिटार उचलून वर निघून गेली. पाठीमागे गिटारीत पानं सळसळली. मोठेकाकांनी डोळे मिटले.

मीटिंग मोडली. आई कप घेऊन गेली, बाबा तिच्या मागोमाग काहीतरी समजावत, आत्या शटर लावायला. भुंगी जिन्याच्या वळणावर थांबली होती. तिला ऐकायचं नव्हतं, पण जिना तिथेच वळत होता त्याला ती काय करणार.

रफूबाईंनी दोरा दातांनी तोडला, पडद्याची घडी घातली. उठताना खुंटीवरचा काकांचा कोट काढून टेबलावर ठेवला.

"मोठे, सोमवारचं बटण लावलंय."

"हां. ठेवा ना."

"या वेळी दोरा दुहेरी घातलाय. मेण लावून. तुमची ती लहान कात्री नाही चालायची."

 काकांनी बोलायला तोंड उघडलं, एवढं जिन्यावरून दिसलं.

"बटण तुटतं तेव्हा दोऱ्याचं टोक पिंजतं," रफूबाई म्हणाल्या. "कापलं की दोरा सरळ असतो. मी तीस वर्षं हेच काम करते, मोठे. पहिल्या सोमवारीच कळलं मला." त्या दारापर्यंत गेल्या आणि वळल्या. "पोरीने आज हॉल सोडला. कोणासाठी, ते तुम्ही बघा."

शटर खडखडलं. काका कोट हातात धरून उभे राहिले. भुंगी हळूच वर गेली, आवाज न करता. आवाज न करता ती काही करू शकते, हे घरात कोणाला माहीत नव्हतं.

*

सहाला पाच मिनिटं कमी असताना ती हॉलच्या मागच्या खोलीत बसली होती, पाच तारांची गिटार घेऊन. कार्यक्रमवाल्याला सांगायचं अजून धाडस झालं नव्हतं. तो दर दोन मिनिटांनी आत डोकावून अंगठा दाखवत होता. बाहेर खुर्च्या सरकत होत्या.

दार उघडलं. आत्या. हातात हँगर, हँगरवर प्लास्टिकमध्ये भुंगीचं निळं जाकीट.

"हे विसरलीस."

"मी नाही विसरले. मला नको होतं."

"दादाने इस्त्री केलीय. स्वतः. सुट्टीच्या दिवशी बॉयलर पेटवून. तुझ्या बापाने तोंडात बोट घातलं." आत्याने जाकीट खिळ्याला अडकवलं. ती हसू दाबत होती, ओठ आत ओढून. "मी काही सांगणार नाही. मला बजावलंय. तरी सांगते, आम्ही सगळे आलोय. वहिनीसुद्धा. दादाने तिला जिन्यात गाठून काहीतरी सांगितलं, तेव्हापासून ती अशी हसतेय की तुझा बाप घाबरलाय." आणि ती पळाली. पळालीच, पन्नाशीची बाई.

जाकिटाच्या कॉलरला टाचणीने पाकीट लावलं होतं. लाँड्रीचं, खाकी. जिथे टोकन नंबर असतो तिथे आकडा नव्हता. एकच शब्द होता, काकांच्या खऱ्या, जाडजूड अक्षरात.

*वाचावे.*

भुंगीने पाकीट फाडलं. आतून गोल गुंडाळलेली पहिली तार पडली. आणि यादी.

*दूध — राहिलं.*
*बल्ब — राहिला.*
*भुंगीची तार — आणली.*
*तिला — विचारलं.*

तिने ते चार वेळा वाचलं. मग खाली बघितलं. खाली दुसरं अक्षर होतं, बारीक, एकसारखं, टाके घालावेत तसं.

*गाणं पूर्ण म्हण. मी यांना अजून उत्तर दिलेलं नाही. आधी ऐकते, मग देते.*

"अरे देवा," भुंगी मोठ्याने म्हणाली. तीनशे खुर्च्यांची भीती तिला वाटली नव्हती. आता वाटली.

तार चढवायला चार मिनिटं लागतात. तिने दोनमध्ये चढवली.

दिवे मंचावर होते, पण हॉल लहान, पुढच्या चार रांगांवर उजेड सांडत होता. दुसऱ्या रांगेत दातवाला डॉक्टर, बायकोसह, नवा कोट. त्याच्या मागे गणिताचे मास्तर, मांडीवर छत्री उभी धरून. तिसऱ्या रांगेत घर. आई, आई हसते म्हणून सावध बसलेले बाबा, आत्या, मग मोठेकाका, कोट गळ्यापर्यंत लावलेला. आणि त्यांच्या शेजारी रफूबाई, मांडीवर पर्स.

तिने आधी दुसरी दोन गाणी म्हटली. लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या आणि वाट बघितली. मग तिने मांडीवर बोटांनी ठेका धरला, ढब-ढब-खर्र, आणि हॉल सावरून बसला. पहिलं कडवं लोकांनीच म्हटलं. दुसरं पण. 'विचारायचं राहिलं' ला तीनशे माणसं एकदम उसासा टाकत होती. डॉक्टर सगळ्यात मोठ्याने. काका एका जागी थिजून.

शेवटचं कडवं नेहमी तिथेच संपायचं, राहिलेल्यावरच. भुंगीने तार सोडली नाही. ठेका हळू केला. पुढचे शब्द तिच्याकडे नव्हते, फक्त यादी होती.

*आज घरात अंधार आहे,*
*चहा कोराच उकळला,*
*दूध राहिलं, बल्ब राहिला...*

ती थांबली. हॉलला वाटलं, विसरली. मास्तरांनी छत्री घट्ट धरली.

*पण विचारलं.*

आधी काहीच झालं नाही. मग कोणीतरी हसलं, मग सगळे, मग टाळ्यांचा असा गडगडाट झाला की मास्तरांची छत्री पडली. डॉक्टर खुर्चीवर उभा राहिला. शेजारच्या बायकोने त्याला कोटाला धरून खाली ओढलं, "तुम्ही कशाला उभे राहताय? तुम्ही कोणाला विचारलंत?"

भुंगीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती तिसऱ्या रांगेकडे बघत होती.

रफूबाई टाळ्या वाजवत नव्हत्या. त्यांनी पर्स उघडली, आत हात घालून काहीतरी शोधलं आणि बाहेर काढली ती कात्री. मोठी. कापडं बेतायची. काकांनी बघितलं, आणि ते जागचे हलले नाहीत. रफूबाईंनी त्यांच्या कोटाचं वरचं बटण चिमटीत धरलं, दुहेरी, मेणाचा दोरा ताणला, कट्‌ केलं, आणि बटण स्वतःच्या पर्समध्ये टाकून पर्स मिटली.

"दादा, बटण!" आत्या इतक्या मोठ्याने ओरडली की मंचावर ऐकू आलं.

मोठेकाका ताठ बसून होते, कोट उघडा टाकून, समोर बघत. त्यांनी तो मिटायचा प्रयत्नसुद्धा केला नाही.